घरातला हाय-प्रेशर एअर कॉम्प्रेसर: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत घ्यायची काळजी

दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाचा नियमित सराव करणारे मूल घरात असले, की बंदुकीतला दाबलेल्या हवेचा सिलिंडर दर वेळी नेमबाजीच्या रेंजवर भरून आणावा की घरीच कॉम्प्रेसर घ्यावा, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. स्पर्धेच्या बहुतेक रायफलींचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सहसा आठ-दहा बारच्या पुढे जात नाही, हे लक्षात घेतले तर हे यंत्र किती वेगळे आहे ते समजते. आठवड्यातून एखादेच वेळी भरायचे असेल, तर हातपंप किंवा रेंजवरची सोय पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात दोन नेमबाज असतील किंवा रोज सराव होत असेल, तरच ही जबाबदारी घ्यावी.

आपल्याकडे या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे हवेतले पाणी. तीस अंश तापमानाच्या संपृक्त (म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही अशा) हवेत दर घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याची हवा त्या मर्यादेच्या फारशी मागे नसते. 200 घन सेंटीमीटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरताना साधारण 40 लिटर हवा आत कोंबली जाते, म्हणजे तिच्याबरोबर जवळजवळ एक ग्रॅम पाणी येते. सात लिटरची साठवणीची टाकी भरली, तर दोन मोठे चमचे पाणी होते. दाबलेल्या हवेत हे बाष्प टिकत नाही. हवा थंड होताच त्याचे थेंब होतात. ते वेळेवर बाहेर काढले नाहीत, तर पोलादी टाकी आतून गंजते, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि ती भुकटी रेग्युलेटरमध्ये (बंदुकीतला दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागात) गेली की गोळीचा वेग कमीजास्त होऊ लागतो.

म्हणून भरताना दर चार-पाच मिनिटांनी ब्लीड व्हॉल्व्ह (साठलेले पाणी व दाब बाहेर सोडण्याची झडप) किंचित उघडून साठलेले पाणी सोडावे. त्यासमोर पांढरा टिश्यू पेपर धरला, तर काय बाहेर पडते ते नीट दिसते: नुसता ओलावा असेल तर ठीक, पण काळपट तेलकट डाग वाढत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजू लागल्या आहेत असे समजावे. यंत्र आणि सिलिंडर यांच्या मध्ये मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे दाणे) भरलेला उभा फिल्टर लावणे मी अनिवार्य मानतो. हे दाणे ओले झाले तरी रंग बदलत नाहीत, त्यामुळे सोबत रंग बदलणारे थोडे सिलिका जेल ठेवावे आणि शिल्लक दाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावेत, कारण पावसाळ्यात उघडे राहिल्यास ते लवकर निकामी होतात. याहून सोपा उपाय म्हणजे एसी अर्धा तास चालवून त्याच खोलीत सिलिंडर भरणे. पंचवीस अंश आणि पन्नास टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्प बाहेरच्या पावसाळी हवेच्या निम्म्याहूनही कमी असते.

घरगुती वॉटर-कूल्ड यंत्राची मोटर बहुधा 1.8 किलोवॉटच्या आसपास असते, म्हणजे ती आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याहून बरेच जास्त. तिला 16 अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच, कारण शेजारीच यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची बादली आणि त्यात बुडवलेला पंप असतो. बादलीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी घालू नये. घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते आणि असे पाणी जड असल्यास त्याचा क्षार नळ्यांमध्ये बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

सुरू करण्याचा क्रम मोडू नये. आधी तेलाची पातळी पाहावी, मग पाण्याचा पंप लावून परतीच्या नळीतून धार येते का ते तपासावे, ब्लीड व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच मोटर सुरू करावी आणि नंतर तो बंद करावा. हवा दाबली जाताना सिलिंडर तापतो, म्हणून सावकाश भरावे. थंड झाल्यावर काटा थोडा खाली येतो, ती गळती नव्हे. तापमान पुस्तिकेतल्या मर्यादेजवळ गेले, तर थांबून यंत्र निवू द्यावे. हवा तेवढा दाब झाला की मोटर बंद करून ब्लीड व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि काटा शून्यावर आल्याशिवाय होज (यंत्र व सिलिंडर जोडणारी नळी) सोडवू नये. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने; बोट फिरवून कधीही नाही, कारण बारीक छिद्रातून सुटणारी हवा त्वचा भेदू शकते.

तेल पुस्तिकेत सांगितलेलेच कॉम्प्रेसर तेल असावे, मोटारीचे इंजिन ऑइल नव्हे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, लगेच बदलावे. ओ-रिंगांना (सांधे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांना) फक्त सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस उच्च दाबाच्या गरम हवेत पेट घेऊ शकते. बर्स्ट डिस्क (दाब मर्यादेबाहेर गेला की मुद्दाम फुटणारी सुरक्षा चकती) फुटली तर तिच्या जागी त्याच दाबाची नवी डिस्क बसवावी, जाड पत्र्याचा तुकडा घालून काम भागवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सिलिंडरवर कोरलेला कमाल दाब आणि वैधतेची तारीख हा अंतिम शब्द आहे. मुदत संपलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांतही चालत नाही आणि ती पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. या यंत्राची हवा श्वासासाठी, म्हणजे डायव्हिंगच्या टाकीत, मुळीच भरू नये: तिच्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

आवाजाचाही विचार करावा. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे भरण्याचे काम दिवसा उरकावे. यंत्र जाड रबरी मॅटवर ठेवावे आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी. वाशी-ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागात ड्राय बाल्कनीत ते कायमचे ठेवू नये, खारट हवेने कनेक्टर गंजतात. काही आठवडे वापर नसेल, तर नळ्यांतले पाणी काढून टाकावे आणि दर पंधरवड्याला, पाण्याचा पंप लावून व ब्लीड व्हॉल्व्ह उघडा ठेवून, दोन-तीन मिनिटे यंत्र फिरवावे.