विमान तिकिटाचा जाहीर भाव आणि इंधन अधिभार : या चुका टाळा

जाहिरातीत १,९९९ रुपये, आणि पैसे भरायच्या पानावर तीन हजारांच्या पुढे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूरला जायचे असो की दिल्लीला, हा फरक आता सगळ्यांच्या सवयीचा झाला आहे. "टॅक्स लागला असेल" म्हणून माणूस तो सोडून देतो आणि नुकसान तिथेच होते. वाढलेल्या रकमेत सरकारचा कर किती, विमानतळाचे शुल्क किती आणि कंपनीने आपल्यासाठी घेतलेले पैसे किती, हे वेगळे काढता आले पाहिजे. तिकीट रद्द केल्यावर काय परत मागायचे, सवलत खरी किती आणि तक्रार नेमकी कशाची करायची, हे सारे त्यावरच ठरते. या आकड्यांत सर्वांत जास्त गैरसमज इंधन अधिभाराबद्दल आहे.

चूक : इंधन अधिभाराला सरकारी कर समजणे

इंधन अधिभार म्हणजे कंपनीचेच भाडे, फक्त दुसऱ्या ओळीत लिहिलेले. तिकिटाच्या तपशिलात तो 'वायक्यू' किंवा 'वायआर' या खुणेने, नाहीतर 'फ्युएल चार्ज', 'एअरलाइन चार्जेस' अशा नावाने येतो. किती घ्यायचा हे कंपनी ठरवते. सरकारने विमानभाड्यावरचे नियंत्रण १९९४ मध्येच सोडले. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या कोरोनाकाळातली बंधने आणि डिसेंबर २०२५ मधली तात्पुरती मर्यादा हे अपवाद.

इंधन महाग असते हे खरेच आहे. देशात विमान कंपन्यांच्या खर्चात त्याचा वाटा ढोबळमानाने ३० ते ४० टक्के धरला जातो. विमानाचे इंधन अजून जीएसटीत आलेले नाही. त्यावर केंद्राचे ११ टक्के उत्पादन शुल्क आहे आणि वर राज्याचा विक्रीकर, तोही प्रत्येक राज्यात वेगळा. तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला भाव बदलतात. म्हणजे इंधनासाठी पैसे घेण्यात गैर काही नाही. ते जाहिरातीतल्या आकड्यात धरायचे नाहीत आणि शेवटी हळूच जोडायचे, आक्षेप याला आहे.

एक उदाहरण नीट पाहा. इंडिगोने ६ ऑक्टोबर २०२३ पासून इंधन शुल्क लावले. ५०० किलोमीटरपर्यंत ३०० रुपये, ५०१ ते १,००० ला ४००, १,००१ ते १,५०० ला ५५०, २,५०० पर्यंत ६५०, ३,५०० पर्यंत ८०० आणि त्यापुढे १,०००. हे टप्पे बेळगावला लावले तर बेंगळूर, मुंबई आणि हैदराबाद ही तिन्ही हवाई अंतराने ५०० च्या आत, म्हणजे ३०० रुपये. दिल्ली साधारण १,४०० किलोमीटर, म्हणजे ५५०. चौघांचे कुटुंब दिल्लीला जाऊन-येऊन ४,४०० रुपये नुसत्या या एका ओळीचे. ४ जानेवारी २०२४ ला कंपनीने हे शुल्क काढून टाकले.

आता यातून दुसरी चूक होते. अधिभार गेला म्हणजे तिकीट तेवढ्याने उतरेल असे लोक धरून चालतात. मूळ भाडे जागा किती उरल्या आणि मागणी किती आहे यावर रोज हलते. तीनशे इकडून कमी झाले तरी तिकडे वाढू शकतात. गणपतीत आणि दिवाळीत हे हमखास दिसते. म्हणून बातमी अधिभाराची असली तरी तुलना शेवटच्या एकूण रकमेचीच करा.

चूक : रद्द केल्यावर "टॅक्सचे पैसे" मोजून गप्प बसणे

इथे थोडे थांबून वाचा, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परताव्याचा नियम सांगतो की रद्द शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत द्यावीच लागतात. तिकीट सेलमधले असो, 'नॉन-रिफंडेबल' असो, की तुम्ही विमानतळावर पोचलाच नसाल, तरीही. ऑगस्ट २०१६ पासून हे असेच आहे.

समजा सांबरा ते बेंगळूर तिकिटाचे मूळ भाडे २,४०० आणि इंधन अधिभार ३०० आहे. साध्या श्रेणीचा ५ टक्के जीएसटी या दोन्हींच्या बेरजेवर धरला तर २,७०० वर १३५ रुपये होतो. सुरक्षा शुल्क २०० रुपये (देशांतर्गत प्रवासाला एप्रिल २०२१ पासून हा दर आहे). त्यावर विमानतळ वापर शुल्क आणि पोर्टलची कन्व्हिनियन्स फी. तिकीट रद्द केले तर कंपनी जास्तीत जास्त २,७०० ठेवू शकते. सुरक्षा शुल्क आणि विमानतळ वापर शुल्क यायलाच हवे. जीएसटी मात्र रद्द शुल्कावरही लागतो, त्यामुळे १३५ पूर्ण येतील असे धरू नका. कन्व्हिनियन्स फी बहुधा गेलीच.

काही पोर्टलांवर इंधन अधिभार 'टॅक्सेस अँड फीज' या एकाच ओळीत कोंबलेला असतो. माणूस ती पूर्ण ओळ परत येईल म्हणून वाट पाहतो आणि ३०० कमी आले की भांडतो. ते भांडण हरते. उलट जिथे सुरक्षा शुल्काचे २०० रुपये आणि विमानतळ शुल्क मिळायलाच हवे, तिथे विमान चुकले म्हणून कोणी मागतच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून हा परतावा मागता येतो. मुदत कंपनीनुसार बदलते, म्हणून त्याच आठवड्यात मागा.

तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. "कंपनीकडून आले की देतो" असे उत्तर मिळाले तर थेट कंपनीला लिहा. कार्डाने थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटाचे पैसे ७ दिवसांत परत करायचे असतात. परतावा देण्यासाठी कंपनीला वेगळे शुल्क घेता येत नाही. पैसे 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की खात्यात घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने नव्हे.

चूक : सवलतीचा टक्का पूर्ण तिकिटावर लावणे

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने जवानांच्या सवलतीचे तिकीट इथे बरेच निघते. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांचीही तीच गोष्ट. ही सवलत बहुतेक कंपन्यांत फक्त मूळ भाड्यावर असते. अधिभार, शुल्क, कर तसेच राहतात. मूळ भाडे १,५०० आणि बाकी सगळे मिळून १,३०० असेल, तर '५० टक्के सूट' म्हणजे २,८०० चे २,०५०. सूट प्रत्यक्षात २७ टक्क्यांच्याही आत. कधीकधी त्याच विमानाचे साधे सेलचे तिकीट यापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा दोन्ही उघडून बघा. ओळखपत्र चेक-इनला मागतात. ते नसेल तर सवलत जाते, कधी प्रवासही.

पॉइंट वापरून काढलेले 'फुकट' तिकीटही असेच. परदेशाच्या तिकिटावर वायक्यू-वायआर रोख भरावे लागते आणि ती रक्कम मोठी असू शकते. पॉइंट खर्च करण्याआधी शेवटचे पान पाहा.

चूक : पाच विमानतळांची तुलना पहिल्या पानावर करणे

सीमाभागातल्या माणसाला पर्याय भरपूर आहेत : सांबरा, हुबळी, कोल्हापूरचे उजळाईवाडी, गोव्याचे मोपा आणि दाबोळी. निपाणीकराला उजळाईवाडी साधारण चाळीस किलोमीटर आणि सांबरा त्याच्या सुमारे दुप्पट. खानापूरकराला सांबराच जवळ. मोपाचे भाडे हजार रुपयांनी कमी दिसले तरी घाटातून गाडी, टोल, आणि पहाटेचे विमान असेल तर रात्रीचा मुक्काम, हे माणशी किती पडते ते आधी लिहून काढा. तिघे-चौघे असतील तर मोपा परवडते. एकट्याला क्वचितच.

विमानतळ वापर शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, आणि काही मोठ्या विमानतळांवर उतरणाऱ्याकडूनही घेतात. जातानाचे ३,१०० आणि येतानाचे ३,५०० दिसले की लगेच इंधनाला दोष देऊ नका, आधी ही ओळ तपासा.

सांबऱ्याहून बेंगळूरमार्गे पुढे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. एका तिकिटावर २४ तासांच्या आत पुढचे विमान असेल तर मधल्या ठिकाणी सुरक्षा शुल्क पुन्हा लागत नाही. दोन वेगळी तिकिटे काढली की लागते. शिवाय पहिले विमान उशिरा आले तर दुसरे गेलेच समजा.

सरकारच्या 'उडान' योजनेचा मार्ग म्हणजे स्वस्त, ही समजूतही सोडा. भाड्याची मर्यादा विमानातल्या काही ठरलेल्या जागांनाच असते आणि सरकारी मदत तीन वर्षांची. उरलेल्या जागा बाजारभावाने विकतात.

चूक : ग्रुपचे आगाऊ पैसे भरले म्हणजे भाव पक्का झाला असे मानणे

काशी-अयोध्येच्या यात्रेला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला वीस-तीस तिकिटे घेताना एजंट आगाऊ रक्कम घेतो. तेव्हा पक्के होते ते बहुतेक वेळा फक्त मूळ भाडे. अधिभार आणि कर तिकीट प्रत्यक्ष निघेल त्या दिवसाचे लागतात. मधल्या काळात अधिभार आला तर तीस जणांमागे ३०० रुपयांप्रमाणे ९,००० आयोजकाच्या अंगावर येतात. कोटेशनवर 'सर्व अधिभार व करांसह अंतिम रक्कम' असे लिहून घ्या. एजंट ते लिहायला तयार नसेल तर प्रत्येकाकडून वर्गणी घेतानाच फरकाची कल्पना द्या. निघालेल्या तिकिटावर मागाहून अधिभार सहसा लागत नाही, पण तारीख बदललीत तर नवा दर लागू शकतो.

उद्यमबाग आणि शिनोळीवाल्यांसाठी

कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत आणि दुसरे युनिट सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत, असे अनेकांचे आहे. बेळगावचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, शिनोळीचा २७ ने. बुकिंग करताना चुकीचा टाकला की कराची वजावट दुसऱ्याच नोंदणीवर जाते आणि नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे होते. पोर्टलची पावती त्यासाठी चालत नाही, विमान कंपनीचे जीएसटी बिल वेगळे उतरवून घ्यावे लागते. बिझनेस श्रेणीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर १८ टक्के आहे.

मालवाहतुकीत इंधन अधिभार किलोवर असतो, आणि तो किलो खऱ्या वजनाचा असेलच असे नाही. ६० × ५० × ४० सेंटिमीटरचा खोका १२ किलोचा असला तरी विमानमालाच्या हिशेबात घनफळ भागिले ६,००० म्हणजे २० किलो धरला जातो. कुरिअरवाले बहुधा ५,००० ने भागतात, तेव्हा २४. अधिभार या वाढीव वजनावर. खोका लहान केला की भाडे आणि अधिभार दोन्ही उतरतात. याच अधिभारावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना दंड केला होता, आणि फेरसुनावणीनंतर २०१८ मध्ये कमी रकमेचा पुन्हा केला. संगनमताने दर ठरवल्याचा ठपका होता. इंधनाचे भाव उतरले तरी मालावरचा अधिभार चढाच राहिला, हा त्यातला कळीचा मुद्दा.

अधिभार प्रामाणिकपणे घेता येतो. जपानी कंपन्या परदेशी उड्डाणांवर तो सिंगापूरच्या केरोसीनच्या भावाशी बांधतात, दर दोन महिन्यांनी तक्ता जाहीर करतात आणि भाव ठरावीक पातळीखाली गेला की अधिभार शून्य होतो. युरोपात २००८ च्या नियमाने आणि अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून जाहिरातीतच पूर्ण रक्कम दाखवावी लागते. आपल्याकडेही प्रवाशाने याहून कमी मागू नये.

चूक : चुकीची तक्रार करणे

"इंधन अधिभार बेकायदा आहे" अशी तक्रार टिकत नाही. "जाहीर केलेल्या भावात तो लपवला" ही टिकते. ग्राहक व्यवहार खात्याने ३० नोव्हेंबर २०२३ ला संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांविरुद्ध ('डार्क पॅटर्न') मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत सुरुवातीला भाव कमी दाखवून टप्प्याटप्प्याने वाढवणे आहे, आणि न विचारता विमा किंवा देणगी जोडणेही. डीजीसीएच्या नियमानुसार सीट, जेवण यांसारख्या जादा सेवा प्रवाशाने स्वतः निवडायच्या असतात. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चालत नाही.

पुरावा मात्र बुकिंग करतानाच जमवावा लागतो. चार स्क्रीनशॉट घ्या : जाहिरात, शोधानंतरची यादी, भाड्याचा तपशील आणि पैसे भरायचे पान. तारीख-वेळ दिसली पाहिजे. प्रत्येक वाढलेली ओळ आणि तिची रक्कम तक्रारीत लिहा. आधी कंपनीला, मग तिने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला, मग सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर. पोर्टल किंवा एजंटविरुद्ध असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे मिळाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे मुख्यालय दिल्लीला असो की गुरुग्रामला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा दाखल होतो, म्हणजे चिकोडी, खानापूर, निपाणीच्या माणसाला बेळगाव पुरते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. तिकीट मुलाने पुण्याहून काढले असेल तर ज्याच्या खात्यातून पैसे गेले आणि ज्याचे नाव तिकिटावर आहे, दोघांचीही नावे तक्रारदार म्हणून घाला.