दांड्याची पाणझाडं: बोटांनी ओळखा, कात्रीने वाढवा

माशांच्या नव्या टँकमध्ये आधी कोणतं झाड लावू, असं कोणी विचारलं की मी एकच सांगते: जे आठवड्याला चार बोटं वाढतं ते लावा. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांचं पाण्यात खत होतं, आणि ते कोणीतरी खाणारच. झाडांनी खाल्लं नाही तर शेवाळ खातं. मग काच हिरवी होते आणि लोक शेवाळ मारायचं औषध आणायला धावतात. त्यापेक्षा दांड्याच्या, म्हणजे उभ्या दांड्यावर गाठीगाठीला पानं येणाऱ्या, भरभर वाढणाऱ्या झाडांच्या दहा-बारा काड्या लावल्या तर ते औषध लागतच नाही.

मी दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला राहते. ओटीवर शंभर लिटरचा टँक आहे, मागे सुपारीचं आगर, आणि पाणी जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं.

आधी ओळख. दुकानात जुडीवर पुष्कळदा नावच नसतं, म्हणून गाठीवरची पानं मोजायची सवय लावा. परवा शेजारचा मुलगा पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, एक जुडी घेऊन आला. "काकी, तुमच्या टँकात आहे ते हेच ना?" दिसायला तसंच होतं. मी म्हटलं, "पान टोकाकडून खाली ओढून बघ." त्याने ओढलं आणि बोट झटकलं, कारण पान करवतीसारखं रखरखीत लागलं. ते हायड्रिला. तिच्या एका गाठीवर चारपासून आठपर्यंत पानं असतात, बहुतेक वेळा पाच. माझ्या टँकात होती एजेरिया: गाठीवर साधारण चार पानं, लांबीला जास्त आणि हाताला मऊ. तीनच पानं असली तर एलोडिया. तिन्ही वाढतात जोरात, पण हायड्रिला वाळूत बारीक कंद सोडते आणि वरून उपटली तरी पुन्हा उगवते. म्हणून तिला मी लहान टँकात घेत नाही.

दुसरी गल्लत अँबुलिया आणि कॅबोंबाची. दोन्हींची पानं बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक, आणि लांबून कोणीही फसेल. एक गाठ डोळ्यांजवळ धरा. कॅबोंबाची पानं समोरासमोर जोडीने येतात, प्रत्येकाला छोटा देठ असतो आणि देठाच्या टोकाला पंखा उघडतो. अँबुलियाला देठ नाही, पानं दांड्यातूनच चहूबाजूंनी फुटतात. नवख्याने अँबुलिया घ्यावी. कॅबोंबाला उजेड कमी पडला की खालची पानं गळून ती नुसती दोरी होते. हॉर्नवर्टची ओळख सोपी: पानं फाटा फुटलेली, ताठ, आणि मुळं अजिबात नाहीत. ते पुरू नका, नुसतं सोडून द्या.

सगळ्यात जास्त घोळ विस्टेरियाचा होतो. रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर वाढवतात, तेव्हा तिचं पान साधं, कडेला दाते असलेलं. आपल्या पाण्यात आली की तीच पानं पिवळी पडून विरघळतात आणि माणूस झाड मेलं म्हणून काढून टाकतो. टाकू नका. शेंड्याकडे बघा. दोन-तीन आठवड्यांत झेंडूच्या पानासारखं चिरलेलं, फिक्या हिरव्या रंगाचं पान वर येतं. तेच तिचं पाण्यातलं पान. सडलेली जुनी पानं मात्र रोज काढत राहा. पॉलिस्पर्मा आणखी चिवट आहे. तिची लांबट पानं समोरासमोर असतात आणि ती कुठेही रुजते. ब्राह्मी ओढ्याकाठची, जाड चमच्यासारख्या पानांची. टँकात जगते, पण सावकाश वाढते. शेवाळाशी झुंजायला तिचा भरवसा धरू नका.

लावताना जुडीचं शिसं किंवा रबर काढा. खालची तीन-चार पानं खुडा, गाठीच्या जरा खाली कापा आणि प्रत्येक काडी दोन बोटं अंतरावर वेगळी लावा. जुडी तशीच खोचली तर मधल्या काड्या कुजतात. वाळू नदीची, धुतलेली, दोन इंच. समुद्राची किंवा खाडीची नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शंका आली तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका, फसफसली तर तिच्यात चुरा आहे.

आता खाणं. आमच्या विहिरीचं पाणी हलकं आहे, डाळ लवकर शिजते, साबणाला भरपूर फेस येतो. प्यायला उत्तम, पण झाडाला त्यात चुना कमी पडतो आणि नवी पानं वेडीवाकडी येतात. त्यावर मी तिसऱ्यांची चार-पाच शिंपलं उकळून, घासून फिल्टरात ठेवते. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅश कमी आहे. जुनी पानं सरसकट पिवळी झाली तर नत्र कमी. या दोन्हींवर आंब्यावर फवारतात तेच १३-०-४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कृषी सेवा केंद्रात मिळतं. अर्ध्या लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवा. त्यातलं ५० मिली शंभर लिटरच्या टँकला आठवड्यातून एकदा पुरतं. १९-१९-१९ घेऊ नका, त्यात युरिया आणि अमोनियमही असतं. नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह हवं, आणि ते टँकसाठी मिळणारं द्रवरूपच घ्या. जांभ्याची माती लोहासाठी वाळूखाली घालायची पद्धत युरोपात पुष्कळ चालली. पण दांड्याची झाडं सतत उपटून लावायची असतात, दर वेळी पाणी लाल होतं. मी घालत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो हे बुरशीचं औषध फवारतो, त्याच्या बादलीतून मी एकदा टँकात पाणी ओतलं. बादली धुतलेली होती. तरीही दोन दिवसांत सगळ्या कोळंब्या मेल्या. बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांबं, आणि त्याचा अंशही त्यांना सोसत नाही. तेव्हापासून टँकच्या बादलीला लाल फडकं बांधलेलं असतं आणि ती आगरात जात नाही.

उजेड सात-आठ तास पुरे, ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, साधा एलईडी चालतो. जुलैत लाईट दिवसभर गेली तर माशांना खाणं देऊ नका. अंधारात झाडंही प्राणवायू खातात, म्हणून दर तासाला प्लास्टिकच्या मगाने टँकातलंच पाणी वरून ओता आणि फार दाटी असेल तर मूठभर काड्या काढून ठेवा. मे महिन्यात पाणी तापतं तेव्हाही हेच.

काडी पाण्याच्या वर पोचली की अर्ध्यावर, गाठीच्या जरा वर कापा. खालच्या बुंध्याला दोन फुटवे येतात, वरचा शेंडा बाजूला लावा. तीन-चार छाटण्यांनंतर बुंधा दमतो. तो उपटा, शेंडे ठेवा.

पऱ्ह्यातून आणलेलं झाड दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, त्यात चतुराच्या अळ्या असू शकतात आणि त्या छोट्या माशांना खातात. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, डबक्यांतून मात्र काही उपटू नका. पावसाळ्यात तिथे रोटाला या पाणझाडाच्या जाती उगवतात, काही फार थोड्या जागीच आहेत. आणि छाटलेली काडी पाटात किंवा पऱ्ह्यात टाकू नका. २०२० मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातला ओढा गुलाबी फुलांनी भरल्याचे फोटो सगळीकडे फिरले, लोक बघायला गेले. ती कॅबोंबा होती, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. माझ्या छाटलेल्या काड्या आधी पत्र्यावर कडक वाळतात, मग सुपारीच्या आळ्यात जातात.