घर सोडताना वयाचा पुरावा सोबत घ्या
तुम्ही ट्रान्सजेंडर किंवा समलैंगिक आहात, वय १८ पूर्ण आहे आणि घरच्या जाचामुळे बाहेर पडताय? शाळा सोडल्याचा दाखला आधी पिशवीत टाका. पालकांनी हरवल्याची तक्रार दिली किंवा हायकोर्टात हेबियस कॉर्पस याचिका (‘या व्यक्तीला कोर्टासमोर हजर करा’ अशी मागणी) केली, तर तोच कागद तुम्हाला वाचवेल. ‘मी स्वेच्छेने घर सोडलं आहे’ असं पत्र पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्याच.

कोर्टात न्यायाधीशांशी घरच्यांविना बोलू द्या, असं ठामपणे मागा. ओळख बदलायला लावणारं समुपदेशन कोर्टाने लादू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय. तो निकाल वकिलाला आवर्जून दाखवा. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करा.