लोअर केलेल्या गाडीचा आवाज: एक्सल बदलण्याआधी

गाडी लोअर केली, म्हणजे स्प्रिंग बदलून रस्त्याजवळ खाली आणली, रूप खुललं आणि पुढून आवाज यायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, एक्सल गेला." एक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा शाफ्ट; त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो, चाकाकडचा बाहेरचा आणि गिअरबॉक्सकडचा आतला. माझ्या हॅचबॅकचा असाच बदलून घेतला. आवाज जिथल्या तिथे. दोष निघाला टायरच्या आतल्या कडेत. तेव्हा पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात, पार्ट शोधण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते ऐका. (पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांपुरतंच बोलतोय.)

आधी टायर. गाडी खाली आली आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) पुन्हा केलं नाही, तर आतली कड खाल्ली जाते. त्या कडेवरून हात फिरवा. करवतीसारखे दाते लागले तर घूंघूं बहुतेक तिथलीच. डांबरावरून काँक्रीटवर आल्यावर सूर बदलला तरी टायरच. चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याचा आवाज वेगाबरोबर चढतो. रिकाम्या रस्त्यावर हलकेच उजवीकडे घेतलं की भार डावीकडे जातो. आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. टकटक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, म्हणजे सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलं असेल तर रिमच्या आत काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतील.

खरी गंमत थरथरीत आहे. ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि रेस सोडली तरी थांबत नाही, तर बॅलन्सिंग बघा, किंवा बाहेरून घेतलेल्या अलॉयला सेंटर रिंग (चाक हबवर मधोमध बसवणारी कडी) आहे का ते. रेस दिली की थरथर, सोडली की गायब, असं असेल तर मात्र आतला जॉइंट. हे पकडायला चढ लागतो. नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे जातानाचा चांगला. शेजारी मित्र बसवा, ऐकायचं काम त्याचं. परतीच्या उतारावर प्रयोग नकोत, तिथे ट्रकचे ब्रेक फेल होतात.

आतल्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत तीन रोलर एका वाटीत पुढे-मागे सरकतात. शाफ्टचा कोन जास्त झाला की ते प्रत्येक फेरीत तीनदा ढकलाढकली करतात, तीच थरथर. थोडी खाली आणलेल्या गाडीत शाफ्ट कधी कधी उलट सरळच होतो. फार खाली आणली की तो चाकाकडे चढत जातो. शिवाय जुन्या गाडीत रोलर इतक्या वर्षांची घासलेली जागा सोडून भलतीकडे चालू लागतात.

हा कोन जॅकवर दिसत नाही, कारण चाक लोंबकळलं की तो बदलतो. अलाइनमेंटवाल्याच्या खड्ड्यावर, चारही चाकं टेकलेली असताना खालून बघा. अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली बसवलेला आडवा दांडा) शाफ्टला घासून चकाकी आली आहे का, तेही तिथेच कळेल.

शेवटची परीक्षा म्हणजे कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं स्प्रिंग-शॉकअप) असेल तर गाडी २० मिमी वर घ्या, नाहीतर जुन्या स्प्रिंग चढवा, आणि पुन्हा तोच चढ. थरथर कमी झाली तर दोष कोनाचा; नवा एक्सलही तेच करेल. तशीच राहिली तर जॉइंट झिजलाय, खुशाल बदला. फक्त हबचा नट अंदाजाने आवळू देऊ नका, टॉर्क रेंच मागा. आणि सस्पेन्शन आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायला लावा, नाहीतर बुश पिळलेलं राहतं आणि पुढच्या स्पीडब्रेकरला नवीनच करकर सुरू होते.