घराच्या फटी बुजवताय? आधी खोलीत कूलर आहे का एसी ते बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की सगळ्यांची एकच तक्रार, एसी दिवसभर चालू तरी खोली गार होत नाही. बऱ्याचदा एसीत काहीच बिघाड नसतो भाऊ, दाराखालून आणि स्लायडिंग खिडकीच्या फटीतून झळा सारख्या आत येत असतात आणि बिल वाढत राहतं.

पण सिलिकॉनची ट्यूब आणायच्या आधी एक समजून घ्या, कूलरची खोली आणि एसीची खोली यांचं गणित एकदम उलटं आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो, पाण्याची वाफ होते म्हणून ती गार होते, आणि जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर जायलाच पाहिजे, म्हणून कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची. ती खोली बंद केली की तासाभरात चिकचिक सुरू, आणि रोज तेच चाललं तर कपाटामागे बुरशी येते. एसीच्या खोलीत मात्र एकही फट नको. आणि दोन्ही एका खोलीत एकदम लावू नका, कूलरने सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची अर्धी ताकद जाते.

फटी शोधायला उदबत्ती बेस्ट. दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा, गॅस आणि गॅस गिझर बंद असल्याची खात्री करा, मग किचनचा एक्झॉस्ट फॅन चालू करा. तो हवा बाहेर फेकतो म्हणून घर फटींमधून हवा आत ओढायला लागतं. आता पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने, खिडकीच्या चौकटीजवळ, एसीच्या पाईपच्या भोकाजवळ, स्विच बोर्डाजवळ फिरवा (पडदे सांभाळून), धूर जिथे हलला तिथे पेन्सिलने खूण करा.

दाराखाली रबराची पट्टी, स्लायडिंगच्या कडेला ब्रशची पट्टी, चौकट आणि भिंतीमधल्या बारीक चिरेला सीलंट. रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक घ्या, सिलिकॉनवर रंग बसत नाही. मोठ्या भोकाला पीयू फोम (डब्यातून मारायचा फेस), पण थोडाच मारा कारण तो फुगतो.

आता ओलीचं, आणि हे फटींच्या आधी करायचं काम आहे कारण ओल असलेलं घर घट्ट बंद केलं तर ओल आतच कोंडते. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर घरातलीच दमट हवा आहे, तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, हवा खेळती करा.

आपल्या उन्हाचा फायदा घ्या, एप्रिल-मे मध्ये स्लॅब आणि भिंती जितक्या सुकतात तितक्या नंतर वर्षभर सुकत नाहीत, म्हणून गच्चीचं काम तेव्हाच, पण भर दुपारी नाही, तापलेल्या स्लॅबवर माल लगेच सुकतो आणि परत तडे जातात. भेग छिन्नीने थोडी रुंद करा, धूळ काढा, पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल भरा, वर ओलं गोणपाट टाकून ठेवा. स्लॅब आणि कठडा मिळतो तिथला कोपरा गोलाई देऊन भरा, गळती बहुतेक तिथूनच होते. सगळं वाळलं की पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. पांढऱ्यामुळे ऊन परत फेकलं जातं, खालची खोली कमी तापते. पत्र्याचं घर असेल तर स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा, उन्हात ते कडक होऊन फुटतात आणि पाणी तिथूनच आत येतं.

गावाकडे धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर कृपा करून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट लावू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, वरून बंद केली की आतून कुजते आणि पोपडे पडतात. माती-शेणाचं लिंपण किंवा चुनाच बरा.

एसीचं तापमान पण बघा. २०२० पासून नवीन एसी २४ डिग्री डिफॉल्टवर येतात, आणि बीईईच्या (केंद्र सरकारची वीज बचतीची संस्था) हिशोबाने एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. फटी बुजल्यावर २६ ला पंखा लावून छान झोप लागते, करून बघा.

आणि हे मात्र अजिबात बुजवायचं नाही: गॅस गिझर असलेल्या बाथरूमची खिडकी, चूल पेटते त्या खोलीचं धुराडं, आणि किचनमधली जमिनीलगतची जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. गिझरचा कार्बन मोनॉक्साईड तर वासही देत नाही, बंद बाथरूममध्ये माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो, म्हणून थंडीत गार वारा येतो म्हणून कोणी ती खिडकी कागद लावून बंद केली असेल तर आजच उघडा.