स्मार्ट टीव्ही घेताय? अ‍ॅप्स नंतर बघा, आधी पॅनल

टीव्ही बघायला गेलं की समोरचा आधी रिमोट घेऊन अ‍ॅप्स दाखवत सुटतो आणि आपणही तेच बघत बसतो. अ‍ॅप्सचं एवढं टेन्शन नको, काही वर्षांनी टीव्ही अडकायला लागला किंवा अपडेट बंद झाले तर एचडीएमआयला एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की झालं काम, पण पॅनल, म्हणजे खुद्द स्क्रीनच, भंगार निघाला तर त्याला काही इलाज नाही, म्हणून पैसे तिथे घाला.

साइजचं सोपं आहे. बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत इंचात माप घ्या आणि दीडने भागा, फोर-केला साधारण तेवढा टीव्ही चालतो, म्हणजे ७ फुटांना ५५ इंची. हे ५५ तिरकं माप हां, रुंदी ४८ आणि उंची २७ च्या आसपास येते, तेवढे पेपर भिंतीला चिकटवून बघा, मग घरातले सगळे मतं देतीलच!

आता पॅनल. दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर असतात त्यामुळे सगळेच भारी वाटतात. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करायला लावा, रात्रीचा एखादा सीन लावा, काळा रंग राखाडी दिसतोय का बघा आणि मग बाजूला सरकून परत बघा. एलसीडी टीव्हीत मुख्यतः व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकारचे पॅनल येतात; व्हीएचा काळा चांगला पण बाजूने रंग फिके पडतात, आयपीएसचं बरोबर उलटं. ओलेड या तिसऱ्या प्रकारात प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः पेटतो-विझतो म्हणून काळा म्हणजे काळाच, पण दिवसभर न्यूज चॅनल चालू असणाऱ्या घरात लोगो आणि खालची पट्टी कायमची उमटू शकते, तिथे मी तरी ओलेड सांगणार नाही. क्यूलेड म्हणजे शेवटी एलसीडीच, मागे बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा दिवा, असतोच.

खोक्यावरच्या एचडीआरला (उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवून दाखवणारं तंत्र) भुलू नका, ब्राइटनेस कमी आणि लोकल डिमिंग (अंधाऱ्या भागामागचा दिवा तेवढाच मंद करणं) नाही तर फरक घंटा दिसत नाही. गेमिंग करणार असाल तर पॅनल खरंच १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) आहे का ते विचारा, 'मोशन रेट'चे आकडे नुसते फुगवलेले असतात. साउंडबारसाठी ईएआरसी पोर्ट (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारा एचडीएमआय पोर्ट) असलेला बरा, कारण बारीक टीव्हीचा आवाज यथातथाच.

आणि घरी लावल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर सगळे पिक्चर डेली सोपसारखे दिसतात.