लहान-मोठ्यांची एकच गोष्ट: शब्द निवडताना या चुका टाळा

मुलाला वाचून दाखवायची गोष्ट दोघं ऐकतात: मूल, आणि वाचणारं मोठं माणूस. दोघांना धरून ठेवायचं काम शब्द करतात, आणि बहुतेक गोष्टी तिथेच उसवतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'तोच शब्द परत नको' या सवयीने. निबंध लिहिता लिहिता ती आपल्याला लागलेली असते. समजा, सुरुवातीला आजोबांची खुर्ची रिकामी आहे, म्हणून नात टुणकन तिच्यात जाऊन बसते. शेवटी आजोबा नाहीत, आणि खुर्ची रिकामी आहे. मुलाला ओळखीचं वाक्य परत भेटतं. वाचणाऱ्याचा आवाज मात्र तिथे अडखळतो. दोघांमधला धागा म्हणजे 'रिकामी' हा एक शब्द. त्या जागी 'आसन सुनंसुनं भासत होतं' असं लिहिलंत, तर मुलाची ओळख तुटते आणि मोठ्याला दुःख आयतं वाढून दिल्यासारखं होतं. म्हणून मसुद्यातले तीन-चार कळीचे शब्द अधोरेखित करा आणि ते शेवटपर्यंत तेच राहिलेत का, हे तपासा.

दुसरी चूक, अवघड शब्दाची धास्ती. इंग्रजी बाललेखिका बिअट्रिक्स पॉटर यांच्या १९०९ सालच्या सशांच्या गोष्टीत पहिल्याच वाक्यात येतं की फार लेट्यूस (सॅलडचा पाला) खाण्याचा परिणाम 'सोपोरिफिक' असतो, म्हणजे झोप आणणारा. पुढच्याच वाक्यात त्या सांगतात की लेट्यूस खाऊन मला कधी झोप आली नाही, पण मी काही ससा नाही! अर्थ उलगडतो, आणि मोठ्यालाही हसू येतं. उलट अमेरिकी बाललेखक डॉ. स्यूस यांनी १९५७ साली टोपीवाल्या मांजराची अख्खी गोष्ट २३६ वेगवेगळ्या शब्दांत बसवली. शब्द सोपा की अवघड, यापेक्षा त्याच्या शेजारी काय ठेवलंय ते मला महत्त्वाचं वाटतं.

'इवलंसं', 'चिमुकलं', 'गोंडस' यांची रांग लावू नका. गोष्टीत एखादा पुरे.

मृत्यूपाशी शब्द चुकवू नका. कुत्रा 'दूर गेला' म्हटलं की मूल विचारणार, परत कधी येणार? 'मेला' लिहा, आणि मग त्याची वाटी घरच्यांनी कुठे ठेवली ते लिहा.

शेवटी सगळी गोष्ट मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज आपसूक लाडिक होतो, तिथला शब्द आधी बदला.